दिवाणखान्यापर्यंतची वाट (लेखांक सातवा)

मागील लेखांकात आपण वरसोव्याच्या किनाऱ्यावर समुद्रातून वर येणाऱ्या केबलींपासून निघालो आणि रस्त्यांखालून, खांबांवरून, इमारतींच्या जिन्यांतून अखेर घराच्या दाराशी भिंतीवर बसवलेल्या राउटरपर्यंत येऊन थांबलो. काचेच्या बारीक तंतूंतून हजारो मैलांचा प्रवास करून आलेला मजकूर तेथवर फारसा क्षीण न होता पोचतो, हेही आपण पाहिले. आता उरली ती राउटरपासून दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संचापर्यंतची वीस-पंचवीस फुटांची वाट. आणि वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी बहुसंख्य पत्रांतील तक्रार नेमकी याच वाटेविषयी आहे. योजना शंभर मेगाबिटची घेतलेली असते, मोबाइलवर सारे सुरळीत चालते, परंतु रात्री जेवणे आटोपून मंडळी टीव्हीपुढे बसली आणि चित्रपट सुरू झाला की थोड्याच वेळात चित्र पुसट होते, मग थबकते, आणि पडद्याच्या मध्यभागी ते परिचित चक्र फिरू लागते. अशा वेळी दूरध्वनीवरून सल्ला मिळतो तो बहुधा अधिक वेगाची, अर्थात अधिक पैशांची योजना घेण्याचा. हा सल्ला बहुतेक घरांच्या बाबतीत चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते का, याचा खुलासा करणे हाच प्रस्तुत लेखांकाचा विषय होय.

प्रथम गरज किती, याचा हिशेब करू. नेटफ्लिक्सने आपल्या ग्राहकांसाठी जे प्रमाण प्रसिद्ध केले आहे त्यानुसार साध्या एचडी चित्राला ३, फुल एचडीला ५ आणि फोर-के चित्राला १५ मेगाबिट प्रतिसेकंद एवढा वेग पुरतो. म्हणजे ३० मेगाबिटची माफक योजनादेखील एका संचावर उत्तमोत्तम चित्र दाखवून वर काही शिल्लक ठेवते. मात्र हा वेग एखाद्या क्षणी मिळून भागत नाही. तो सतत मिळावा लागतो. चित्रपटाचे काही सेकंदांचे तुकडे पाडून आणि प्रत्येक तुकडा कमी-अधिक स्पष्टतेच्या अनेक आवृत्त्यांत तयार ठेवून पुरवठादार तो आपल्याकडे पाठवीत असतो, आणि येणारा ओघ मंदावला की संच आपण होऊन खालच्या प्रतीची आवृत्ती मागवतो. चित्र थांबण्यापूर्वी पुसट का होते, याचे कारण हे. चित्रपटाचे पुढचे तुकडे आधीच आणून साठवता येतात, म्हणून वेगातील लहानसहान खंड तेथे खपून जातो. क्रिकेटचा सामना प्रत्यक्ष चालू असताना पुढचे षटक अद्याप पडलेलेच नसते, तेव्हा साठवण ती किती असणार? ज्या घरात चित्रपट ठीक चालतो आणि सामना मात्र अडखळतो, त्या घरातील दोष वेगाच्या प्रमाणाचा नसून वेगाच्या स्थैर्याचा आहे, असे खुशाल समजावे.

दोष कोठे आहे हे ठरवण्यासाठी अनुमानापेक्षा मोजमाप बरे, आणि ते एका क्रमाने करावे. लॅपटॉप राउटरला तारेने जोडून वेग मोजला म्हणजे घराच्या दारापर्यंत काय पोचते ते कळते. मोबाइल राउटरशेजारी धरून मोजला म्हणजे राउटर हवेत किती सोडू शकतो ते कळते. तोच मोबाइल टीव्हीच्या मागच्या बाजूस, अगदी टेकवून, धरला म्हणजे वाटेत किती गळाले ते कळते. आणि शेवटी खुद्द टीव्हीच्या ब्राउझरमध्ये ‘फास्ट डॉट कॉम’ हे पान उघडले म्हणजे संचाच्या पदरात काय पडले याची खातरजमा होते. पहिल्याच मापात खोट निघाली तरच सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवावी. दुसरे व तिसरे माप यांत मोठे अंतर पडले तर मामला भिंतींचा आहे. तिसरे माप उत्तम आणि चौथे केविलवाणे, असे आढळले तर संचाचे ग्रहणयंत्रच दुबळे आहे. ही चारही मापे दुपारी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा घ्यावीत, कारण शेजारपाजारची वर्दळ रात्री वाढते.

या वर्दळीचे मूळ कायद्यातही आहे. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यान्वये या देशात बिनतारी यंत्र जवळ बाळगण्यास परवाना आवश्यक ठरला. रेडिओचा परवाना टपाल कचेरीतून दरसाल नवा करून घेण्याची आठवण अनेक वाचकांच्या मनात अजून ताजी असेल. वायफायच्या बाबतीत सरकारने २००५ साली अधिसूचना काढून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अल्पशक्तीच्या यंत्रांना परवान्याविना वापराची मुभा दिली, आणि २०१८ च्या ऑक्टोबरात ५ गिगाहर्ट्झचा विस्तीर्ण पट्टाही अशाच रीतीने खुला केला. ही मुभा मिळाली नसती तर घरोघरी राउटर दिसलाच नसता, हे निःसंशय. परंतु जेथे कोणासही मज्जाव नाही तेथे गर्दी ही होणारच. २.४ गिगाहर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात परस्परांवर न चढणाऱ्या वाहिन्या केवळ तीन, १, ६ आणि ११ क्रमांकांच्या, आणि पुण्या-मुंबईच्या एखाद्या इमारतीत मोबाइलवर वायफायची यादी उघडली तर शेजाऱ्यांची पंधरा-वीस नावे सहज दिसतात. त्याच पट्ट्यात ब्लूटूथ चालते, आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही २.४५ गिगाहर्ट्झवरच अन्न तापवते. तिच्या दारातून पाझरणारा अत्यल्प अंशदेखील या नाजूक दळणवळणास पुरेसा उपद्रवकारक ठरतो.

म्हणून पहिला व्यावहारिक उपाय असा की टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर न्यावा. पुष्कळ राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि कोणत्या यंत्राने कोठे जावे याचा निर्णय यंत्रांवरच सोपवतात. टीव्ही अशा वेळी दूरवर पोचणारा, म्हणजेच मंद पट्टा धरून बसण्याचा संभव असतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींना निरनिराळी नावे द्यावीत आणि टीव्हीला केवळ ५ गिगाहर्ट्झचेच नाव व परवलीचा शब्द सांगावा. नाव टीव्हीच्या यादीत उमटलेच नाही तर राउटरवरील वाहिनी ३६ ते ४८ यांपैकी एक करून पाहावी, कारण हवामानाच्या रडारांसाठी राखून वापराव्या लागणाऱ्या मधल्या वाहिन्या काही संचांना ओळखू येत नाहीत.

आता भिंती. २.४ गिगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झच्या तरंगाची याच्या निम्म्याहूनही कमी, आणि तरंग जितका आखूड तितका त्याचा भिंतीत ऱ्हास बहुधा अधिक. देशावरील जुन्या वाड्यांच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, कोकणातील जांभ्याचे चिरे, शहरी इमारतींतील सळ्या घातलेले काँक्रीट, यांतील प्रत्येकाचा अडसर निराळा, पण अडसर आहेच. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा यांतून तरंग पार होत नाही, परत फिरतो. पाण्याची टाकी आणि माशांचे काचपात्र त्याला शोषून घेते. मोबाइलवरील वायफाय मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये राउटरशेजारी वजा ४० असा आकडा दिसतो आणि टीव्हीशी तोच वजा ७० होतो, तेव्हा पाहणाऱ्यास तो फरक तीस अंशांचा वाटतो. वस्तुतः या मापनपद्धतीत दर दहा अंशांना शक्ती दसपट घटत असल्याने टीव्हीपाशी पोचलेली शक्ती सहस्रांश झालेली असते. वजा ६५ पर्यंतचा आकडा चित्रपटासाठी समाधानकारक मानावा. वजा ७५ च्या पलीकडे गेल्यास कोणतीही योजना उपयोगी पडत नाही.

आणि तरीही राउटर आपण ठेवतो कोठे? केबल ज्या भोकातून घरात शिरते त्याच्या लगत, चपलांच्या कपाटावर किंवा माळ्यावरच्या पिंपांच्या आड. बसवणारा कामगार घाईत असतो आणि आपणही ‘दिसायला नको’ म्हणून त्यास संमती देतो. मग खुद्द टीव्हीची स्थिती पाहावी. त्याचा चिमुकला अँटेना पडद्याच्या मागे असतो, पुढील बाजूस धातूचा पत्रा लावलेला पडदा आणि पाठीशी भिंत, अशा चिंचोळ्या फटीत त्याला ऐकावे लागते. राउटर मोकळ्यावर, माणसाच्या उंचीइतका वर आणि घराच्या मध्याकडे सरकवणे, आणि टीव्ही भिंतीपासून चार बोटे पुढे घेणे, या बिनखर्ची फेरफारांनी वजा ७० चा वजा ६० होणे अशक्य नाही. तसे झाले तर पोचणारी शक्ती दसपट झाली.

परंतु या सर्व तपशिलापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच आहे. वायफायच्या एका वाहिनीवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते; बाकीची यंत्रे कानोसा घेत थांबून राहतात. चाळीच्या सामाईक नळावर एखाद्याने अरुंद तोंडाची बरणी धारेखाली धरावी आणि ती भरेतो रुंद तोंडाच्या घागरी घेऊन आलेल्यांनी खोळंबून राहावे, तसे येथे घडते: क्षीण तरंगावर मंदगतीने मजकूर घेणारा टीव्ही तेवढ्याच मजकुरासाठी कितीतरी अधिक काळ हवा अडवून धरतो, आणि त्याचा भुर्दंड आतल्या खोलीत ऑनलाइन वर्गाला बसलेल्या मुलीला व कचेरीचे काम घरून करणाऱ्या तिच्या आईला पडतो. घरातील सर्वांत जास्त मजकूर ओढणारे यंत्र टीव्हीच होय. फोर-के चित्रपटाचे दोन तास म्हणजे १५ मेगाबिटच्या हिशेबाने साडेतेरा गिगाबाइट. आणि हेच यंत्र वर्षानुवर्षे जागचे तसूभरही हलत नाही. जे हिंडतेफिरते त्याने हवेतून घ्यावे, हे रास्त. जे भिंतीला खिळलेले आहे त्याने हवा अडवण्याचे कारण काय? टीव्हीला तार द्यावी. त्यात टीव्हीचे कल्याण आहेच, पण त्याहून अधिक घरातील इतर सर्वांचे आहे.

ही तार म्हणजे ‘कॅट सिक्स’ नावाने विजेच्या सामानाच्या दुकानात मिळणारी केबल. तिचे आवरण सोलले की आत आठ तारा दिसतात, दोन-दोनांच्या चार जोड्यांत पीळ घातलेल्या: निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी आणि प्रत्येकीची पांढरी पट्ट्याची सोबतीण. हा पीळ शोभेचा नव्हे; जोडीतील दोन्ही तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच पडावा आणि पलीकडच्या टोकाला तो वजा करून टाकता यावा, यासाठी तो घातलेला असतो, आणि म्हणूनच टोकाला प्लग बसवताना तो अर्ध्या इंचाहून अधिक उलगडू नये. शंभर मीटरपर्यंत ही केबल बिनदिक्कत चालते. घरातील अंतर त्यापुढे किरकोळच. दाराच्या चौकटीच्या कडेने प्लॅस्टिकची पट्टी ठोकून ती नेता येते, नवे घर बांधताना तर भिंतीतील नळीतूनच तिची तजवीज करावी. एक सूचना मात्र अवश्य ध्यानात ठेवावी: पुष्कळ संचांचा, महागड्या संचांचाही, लॅन पोर्ट १०० मेगाबिटचाच असतो, म्हणून तार जोडल्यावर स्पीड टेस्टमध्ये ९४-९५ चा आकडा दिसल्यास, तोच पूर्वी वायफायवर २०० दिसत असला तरीही, निराश होण्याचे कारण नाही. लागतात १५, आणि हे ९४ सामना चालू असताना, मायक्रोवेव्ह चालू असताना, शेजाऱ्यांचे सर्व राउटर चालू असताना ९४ च राहतात.

भाड्याच्या घरात मालक भिंतीला खिळा लावू देत नसेल, तर नाइलाज म्हणून मेश पद्धतीचा दुसरा राउटर वाटेत, टीव्हीच्या खोलीबाहेर, जेथे पहिल्याचा तरंग अजून सबळ आहे तेथे ठेवावा. स्वस्त एक्स्टेंडर एकाच वाहिनीवर ऐकतो आणि त्याच वाहिनीवर पुन्हा उच्चारतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. तो घेण्याची शिफारस मी करणार नाही. संचाच्या पाठीमागे यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क कायम लावून ठेवण्याची वहिवाटही सोडावी, कारण अशा जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट उत्पन्न होतो, हे इंटेल कंपनीने २०१२ मध्ये सप्रमाण दाखवले आहे. संच जुना असून तारेनेही अडखळत असेल, तर दोष वेगाचा नाही. त्याची स्मृती अनावश्यक अ‍ॅपांनी भरली असेल, ती काढून टाकावीत, सॉफ्टवेअर अद्ययावत करावे, आणि एवढ्याने भागले नाही तर नवा संच घेण्यापूर्वी एचडीएमआयला जोडण्याची वेगळी पेटी लावून पाहावी.

पुढील लेखांकात मेश पद्धतीचा सविस्तर विचार करावयाचा आहे. त्यापूर्वी वाचकांनी वर सांगितलेली चार मापे, दुपारची व रात्रीची, एका कागदावर उतरवून ठेवावीत आणि ती हाती असल्याखेरीज कोणत्याही मोठ्या योजनेच्या अर्जावर सही करू नये, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे.