पौंडामागे तीन पेन्स

उत्तर अमेरिकेतील तेरा वसाहतींनी १७७६ मध्ये ब्रिटिश सत्ता झुगारली ती करांच्या ओझ्यामुळे, असे सरसकट सांगितले जाते. परंतु त्या करांचे दर काढून पाहिले, तर मुद्रांक शुल्क आणि १७६७ च्या जकाती वगळता तंट्याच्या बहुतेक वळणांवर ब्रिटिश सरकारने कर हलकाच केलेला दिसतो, आणि तरीही असंतोष भडकत गेला.

फ्रान्सविरुद्धचे सप्तवार्षिक युद्ध १७६३ मध्ये संपले तेव्हा ब्रिटनवरील राष्ट्रीय कर्ज जवळपास दुप्पट झाले होते आणि वसाहतींच्या रक्षणासाठी तैनात फौजेचा काही खर्च तिथूनच वसूल करावा, असे पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल यांनी ठरवले. रम गाळण्यासाठी लागणाऱ्या उसाच्या मळीवर १७३३ पासून गॅलनमागे सहा पेन्स जकात होती, पण चिरीमिरी देऊन माल सोडवून घेण्याचा तिथे रिवाजच पडला होता. ग्रेनव्हिल यांनी १७६४ मध्ये हा दर निम्म्यावर, म्हणजे तीन पेन्सवर आणला, मात्र तो खरोखर वसूल करण्याचा बंदोबस्त केला आणि जकातीचे खटले ज्युरी नसलेल्या सागरी न्यायालयांत चालवण्याची सोय केली. न भरला जाणारा मोठा कर सुसह्य होता, भरावा लागणारा लहान कर जाचक ठरला.

पुढल्याच वर्षी आलेल्या मुद्रांक कायद्याने खरेदीखते, परवाने, वर्तमानपत्रे, पंचांगे, इतकेच नव्हे तर खेळायचे पत्ते आणि फासेही शिक्क्याखाली आणले. पत्त्यांच्या जोडावर एक शिलिंग आणि फाशांच्या जोडीवर दहा शिलिंग असा हा कर होता. त्याचा पहिला फटका वकील आणि मुद्रक यांना बसला, आणि वसाहतींत बोलणारे व छापणारे लोक तेच होते. नऊ वसाहतींचे प्रतिनिधी ऑक्टोबर १७६५ मध्ये न्यूयॉर्कला जमले आणि ज्या पार्लमेंटमध्ये आपला एकही सदस्य नाही तिला आपल्यावर कर बसवता येणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. यावर लंडनचे उत्तर आभासी प्रतिनिधित्वाचे होते: मँचेस्टरलाही स्वतःचा सदस्य नाही, तरी पार्लमेंट साऱ्या प्रजेच्या वतीने विचार करते. हा युक्तिवाद लंगडा होता, कारण मँचेस्टरवर कर लादणारा सदस्य तोच कर स्वतःही भरत असे, तर अमेरिकेवर लादलेल्या कराने त्याचा स्वतःचा भार हलका होणार होता. मार्च १७६६ मध्ये कायदा मागे घेतला गेला, परंतु त्याच दिवशी वसाहतींसाठी कोणताही कायदा करण्याचा आपला अधिकार अबाधित असल्याचे पार्लमेंटने जाहीर केले.

काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर १७६७ मध्ये बसवलेल्या जकातींपैकी चार १७७० मध्ये रद्द झाल्या. चहावरची पौंडामागे तीन पेन्सची जकात अधिकाराची खूण म्हणून ठेवली गेली आणि हा निर्णय मंत्रिमंडळात पाचास चार अशा एकाच मताने झाला होता.

ही खूण पुढे महागात पडली, आणि त्या कथेचा एक धागा बंगालपर्यंत जातो. दिवाणी, म्हणजे महसूलवसुलीचा अधिकार, १७६५ मध्ये हाती येऊनही ईस्ट इंडिया कंपनी १७७२ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभी होती. बंगाल दुष्काळाने उद्ध्वस्त झाला होता आणि लंडनच्या वखारींत लाखो पौंड चिनी चहा पडून होता. पार्लमेंटने १७७३ मध्ये कंपनीला कर्ज दिले, आपल्याकडे परिचित असलेला रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट केला आणि लंडनमधील शुल्क माफ करून तो चहा थेट अमेरिकेत विकण्याची मुभा दिली. त्यामुळे वैध चहा चोरट्या डच चहापेक्षाही स्वस्त पडणार होता. चोरट्या व्यापारावर गबर झालेल्यांचा स्वार्थ त्यातून दुखावला, हे खरेच. पण तीन पेन्सच्या या जकातीतून गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार होणार होते, आणि पगाराची नाडी सुटली म्हणजे स्थानिक विधिमंडळांच्या हाती काही उरणार नव्हते, ही भीतीही तितकीच खरी होती.

हा चहा घेऊन ‘डार्टमथ’ हे जहाज त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला बोस्टनला आले. जकात वीस दिवसांत भरली नाही तर माल जप्त होई, आणि मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर हचिन्सन जहाजाला परत जाऊ देईनात. मुदत संपण्याच्या आदल्या संध्याकाळी, १६ डिसेंबरला, मोहॉक आदिवासींचा वेष केलेल्या जमावाने तीन जहाजांवरील ३४२ पेट्या फोडून चहा समुद्रात लोटला. इतर मालाला कोणी हात लावला नाही आणि तुटलेले एक कुलूप नंतर भरून देण्यात आले.

शिक्षा म्हणून १ जून १७७४ पासून बोस्टनचे बंदर बंद झाले आणि मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली गेली. एका शहरावरची ही आपत्ती उद्या आपल्यावरही येईल हे इतर वसाहतींनी ओळखले. सप्टेंबरमध्ये त्यांचे प्रतिनिधी फिलाडेल्फियाला जमले आणि १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन येथे युद्धाची पहिली गोळी सुटली. सॅराटोगा येथील ब्रिटिश फौजेच्या पराभवानंतर, १७७८ मध्ये, महसुलासाठी वसाहतींवर कर बसवण्याचा अधिकार पार्लमेंटने कायद्याने सोडून दिला, पण तोवर स्वातंत्र्याची घोषणा होऊन दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता. तो कायदा उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीज यांपुरता होता. बंगालचा त्यात समावेश नव्हता.