लावणीनंतरचा लाल डोळा

मुंबई-गोवा महामार्गावर पेण मागे पडलं की वडखळचा नाका येतो आणि अलिबागची वाट तिथून फुटते. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वडखळ म्हणजे नाका आणि तिथली वाहतूक कोंडी एवढंच ठाऊक असतं. पण रस्ता सोडून धरमतरच्या खाडीकडे वळलं की खारेपाट सुरू होतो. भरतीचं पाणी अडवणारे मातीचे बांध, बांधाआड भाताची खाचरं आणि पावसाळ्यात त्या खाचरांत दिवसभर चिखलात वाकून लावणी करणारी माणसं. हा लेख त्यांच्या डोळ्यांविषयी आहे.

साचलेल्या पाण्यात उंदीर-घुशींचं आणि गुराढोरांचं मूत्र मिसळतं, त्यातून लेप्टोस्पायरा नावाचे जंतू येतात आणि पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या कातडीतून अंगात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसं दगावली, तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं. ताप, पोटऱ्यांत गोळे, कावीळ, मूत्रपिंड निकामी होणं, ही लक्षणं कोकणात आता बऱ्याच जणांना माहीत आहेत. सांगायचं राहून जातं ते पुढचं. ताप उतरतो, माणूस कामाला लागतो आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, डोळा लाल होऊन दुखू लागतो. तोवर तापाची आठवणही पुसट झालेली असते. रुग्ण ती डॉक्टरांना सांगत नाही आणि डॉक्टरही विचारत नाहीत.

आडोल्फ वाइल यांनी १८८६ मध्ये या तापाचं वर्णन केलं, तेव्हापासून त्याचा डोळ्याशी असलेला संबंध वैद्यकाला परिचित आहे. भारतात मात्र त्याकडे नीट लक्ष गेलं ते मदुराईत. १९९३ च्या शेवटी तिथे मोठा पूर आला. पाठोपाठ अरविंद नेत्र रुग्णालयात डोळ्याच्या आतल्या दाहाचे रुग्ण एकाएकी वाढले. डॉ. एस. आर. रथिनम आणि सहकाऱ्यांनी पुराशी, लेप्टोच्या साथीशी धागा जुळवला आणि ७३ रुग्णांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी रुग्णांच्या डोळ्यातल्या द्रवात या जंतूची जनुकीय खूणही सापडली. मदुराईच्या शेतांत होतं ते सगळं, म्हणजे भात, पाणी, गुरं, उंदीर, खारेपाटात आहे. म्हणून ती गोष्ट मला इथलीच वाटते.

या दाहाला युव्हिआयटिस म्हणतात. डोळ्याच्या पांढऱ्या कवचाखाली रक्तवाहिन्यांनी भरलेला एक थर असतो. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा हा त्याचाच पुढचा भाग. हा थर सुजला की त्यातून पेशी आणि प्रथिनं डोळ्यातल्या स्वच्छ पाण्यात उतरतात. स्लिट लॅम्पच्या बारीक झोतात त्या पेशी कवडशातल्या धुळीसारख्या तरंगताना दिसतात. बॅटरी मारून त्या दिसत नाहीत, म्हणून स्लिट लॅम्पवर तपासल्याशिवाय हे निदान होत नाही. पुढे बाहुली मोठी करून मागचा पडदाही पाहावा लागतो, कारण लेप्टोत दाह बहुधा डोळाभर पसरलेला असतो.

गावात लाल डोळा म्हणजे ‘डोळे आले’. साथीच्या डोळ्यात चिपडं येतात, डोळा चुरचुरतो, पण चिपडं पुसली की सहसा स्वच्छ दिसतं. युव्हिआयटिसमध्ये चिपडं नसतात. डोळा खोलवर ठणकतो, उजेड सोसत नाही, दिसणं धूसर होतं आणि लाली बुबुळाभोवती कड्यासारखी दाटते. एवढा फरक आशाताईंना शिकवला तरी किती डोळे वाचतील!

पण दुकानातून चिठ्ठीविना आणलेला थेंब घात करतो. त्यात अनेकदा स्टिरॉइड असतं. भाताचं पातं लागून बुबुळावर बुरशीची जखम झाली असेल, तर स्टिरॉइडने ती आणखी चिघळते आणि डोळा जाऊ शकतो. युव्हिआयटिसमध्ये हेच स्टिरॉइड मुख्य औषध आहे, पण ते निदानानंतर, ठरवून आणि हळूहळू कमी करत घ्यायचं असतं. मनाने चालू ठेवलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदू. मनाने थांबवलं तर दाह उलटतो. सोबत बाहुली मोठी ठेवणारे थेंब देतात, नाहीतर ती मागच्या भिंगाला चिकटून बसते.

लेप्टो हे अनेक कारणांपैकी एक. क्षय, सिफिलिस, नागीण यांतूनही हा दाह होतो. तरुण माणसाची कंबर सकाळी आखडत असेल तर मणक्याचा संधिवातही डोळ्यात उतरलेला असू शकतो. म्हणून डॉक्टर छातीचा एक्स-रे, रक्ततपासण्या सांगतात. डोळ्याच्या दुखण्याला छातीचा फोटो कशाला, असं म्हणून ते टाळू नये. जंतूचं कारण नसेल आणि दाह वारंवार येत असेल तर रोगप्रतिकारशक्ती दबवणारी औषधं लागतात. त्यांतलं मेथोट्रेक्सेट स्वस्त आहे. महागड्या मायकोफेनोलेटशी त्याची तुलना करणारी, २१६ रुग्णांची चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या मुख्य लेखिकाही डॉ. रथिनमच. महाग औषध सरस ठरलं नाही. गरिबाच्या डोळ्यासाठी याहून मोलाची बातमी मला ठाऊक नाही. फक्त हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावं.

लेप्टोमुळे झालेल्या दाहाबाबत दिलासा असा, की वेळेवर उपचार झाले तर बहुतेकांची दृष्टी चांगली परतते. त्यासाठी पेणच्या उपजिल्हा रुग्णालयाने आणि अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाने पावसाळ्यात लेप्टोतून बऱ्या झालेल्या प्रत्येक रुग्णाला दिवाळीच्या सुमारास डोळे तपासायला बोलवावं. यादी त्यांच्याकडे असतेच. आणि खारेपाटातल्या माझ्या वाचकांनो, डोळा लाल होऊन दुखत असेल तर डॉक्टरांसमोर बसताच आधी एवढं सांगा, ‘लावणीच्या दिवसांत मला ताप आला होता.’