लोकवर्गणीतला चित्रपट: चार क्रियापदे आणि एक चाहता

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला
• 'राजाश्रय', 'लोकाश्रय' आणि 'लोकवर्गणी' या संकल्पनांतील फरक सांगता येईल;
• 'देणे', 'भरणे', 'गुंतवणे' आणि 'मागवणे' या क्रियापदांतून व्यक्त होणारी नाती स्पष्ट करता येतील;
• स्वतंत्र चित्रपटाला आर्थिक हातभार लावणाऱ्या चाहत्याच्या भूमिकेचे विवेचन करता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थिमित्रहो, कलेला आधार कोण देतो, या प्रश्नाची दोन जुनी उत्तरे मराठीत आहेत: राजाश्रय आणि लोकाश्रय. कवीला कागद आणि लेखणी पुरते. चित्रपटाचे तसे नाही. कॅमेरा, ध्वनी, प्रकाशयोजना, संकलन, कलावंतांचे मानधन आणि त्यांचे जेवणखाण, या सर्वांसाठी पहिले दृश्य चित्रित होण्यापूर्वीच पैसा लागतो. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) साठी विमा पॉलिसी गहाण ठेवली आणि पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेही कामी आले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपणारा एक लघुपट त्यांनी आधी तयार केला होता. भारतीय चित्रपटाच्या आरंभापासूनच 'आधी विश्वास ठेवा, मग पाहा' ही मागणी अशी त्याच्यासोबत आहे.

मोठ्या निर्मितिसंस्थेच्या भांडवलावर आणि तिच्या अटींवर अवलंबून न राहता केलेल्या चित्रपटाला आपण 'स्वतंत्र चित्रपट' म्हणतो. अशा चित्रपटासाठी अनेकांकडून लहानलहान रकमा गोळा करण्याच्या पद्धतीला आज 'क्राउडफंडिंग' हा शब्द रूढ झाला आहे. तिच्यासाठी मराठीत 'लोकवर्गणी' हा शब्द आधीपासूनच आहे. हे दोन शब्द एकमेकांची जागा पूर्णपणे घेऊ शकतात का, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

२. 'पैसे दिले' या वाक्याची संदिग्धता

'मी त्या चित्रपटासाठी पाचशे रुपये दिले,' हे वाक्य पाहा. व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे. अर्थाच्या दृष्टीने मात्र ते अपुरे आहे. संस्कृत वैयाकरणांनी 'देणे' या क्रियेचा सूक्ष्म विचार केला होता. ज्याला दिले जाते तो 'संप्रदान'. परंतु आपण परिटाकडे कपडे देतो, तेव्हा कपड्यांवरील आपली मालकी सोडत नाही. म्हणून तेथे खऱ्या अर्थाने दान घडत नाही, असे अनेक वैयाकरणांनी मानले. क्रियापद एकच असले, तरी मालकीचे काय होते यावर त्याचा अर्थ ठरतो.

हीच कसोटी आपल्या वाक्याला लावली, तर 'दिले' या एका शब्दामागे चार वेगळी क्रियापदे लपलेली दिसतात.

(अ) देणगी देणे: मालकी सुटली, परतफेडीची अपेक्षा नाही.
(आ) वर्गणी भरणे: आपण एका समूहाचे घटक आहोत; समूहाच्या कार्यात आपला वाटा उचलला.
(इ) भांडवल गुंतवणे: नफ्यात हिस्सा हवा, तोट्याचीही तयारी आहे.
(ई) आगाऊ मागवणे: वस्तू अजून तयार नाही, पण तिची किंमत आधीच भरली.

'क्राउडफंडिंग' हे एक नाम या चारही व्यवहारांवर एकच पांघरूण घालते. शिवाय 'क्राउड' म्हणजे गर्दी, आणि गर्दीला नाव नसते. वर्गणीदाराला नाव असते, त्याच्या हाती पावती असते आणि हिशेब विचारण्याचा त्याला हक्क असतो. 'लोकवर्गणी' हा शब्द एवढी सामाजिक अर्थच्छटा आपल्यासोबत आणतो.

३. क्रियापदांची प्रत्यक्ष उदाहरणे

भरणे: श्याम बेनेगल दिग्दर्शित 'मंथन' (१९७६) हे याचे ठळक उदाहरण आहे. गुजरातमधील सहकारी दूध संस्थांच्या पाच लाख सभासद शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाखांचे भांडवल उभे राहिले. पटकथा विजय तेंडुलकर यांची होती. प्रमुख भूमिकांत स्मिता पाटील होत्या. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत प्रस्तुतकर्ते म्हणून या पाच लाख शेतकऱ्यांचा उल्लेख आहे. प्रत्येकाची रक्कम सारखी, कार्य सर्वांचे आणि कथाही त्यांच्याच सहकारी चळवळीची. 'गाव करी ते राव न करी' या म्हणीचा चित्रपटसृष्टीतला हा अर्थ होय. २०२४ मध्ये या चित्रपटाची जतन-पुनरुज्जीवन केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली.

देणे: संदीप सावंत दिग्दर्शित 'श्वास' हा चित्रपट २००४ मध्ये ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा हा पहिला मराठी चित्रपट. अमेरिकेत त्याचे खेळ लावणे आणि प्रसिद्धी करणे निर्मात्यांच्या आवाक्याबाहेर होते. तेव्हा शाळकरी मुलांनी पणत्या विकून पैसे पाठवले, नाटकाच्या प्रयोगाचे उत्पन्न दिले गेले, राज्य शासनानेही मदत केली. येथे चित्रपट आधीच पूर्ण झालेला होता. लोकांनी पैसे दिले ते त्याच्या प्रवासासाठी. अंतिम पाच नामांकनांत 'श्वास' आला नाही; तरीही कोणी पैसे परत मागण्याचा प्रश्न नव्हता, कारण क्रियापद 'देणे' हे होते.

गुंतवणे: हा व्यवहार मराठी वाङ्मयाला नवा नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी स्थापून तिचे भाग विकले. भागधारक हा कायद्याने मालकीचा हिस्सेदार असतो. म्हणूनच चित्रपटासाठी नफ्याचे आश्वासन देऊन पैसे घेतले जातात, तेव्हा तो व्यवहार कायद्याच्या वेगळ्या चौकटीत जातो.

मागवणे: पुस्तकांची प्रकाशनपूर्व सवलत तुम्हांला परिचित असेल. आज अनेक संकेतस्थळांवर चित्रपटासाठी रक्कम देणाऱ्याला पुढे चित्रपटाची प्रत, भित्तिपत्रक किंवा खेळाचे निमंत्रण मिळते. हे त्याच परंपरेचे नवे रूप आहे.

प्रत्यक्षात ही क्रियापदे एकमेकांत मिसळतातही. केरळमध्ये जॉन अब्राहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'ओडेसा' समूहाने गावोगावी चित्रपटांचे खेळ करून लोकांकडून पैसे जमवले आणि 'अम्मा अरियान' (१९८६) हा चित्रपट तयार केला. कन्नडमध्ये पवनकुमार यांच्या 'लुसिया' (२०१३) साठी इंटरनेटवरील आवाहनाला प्रतिसाद देऊन शंभराहून अधिक प्रेक्षकांनी पैसे उभे केले. पहिल्या ठिकाणी झोळी हातोहात फिरली, दुसऱ्या ठिकाणी ती पडद्यावरून फिरली.

४. चाहता: रसिक की कर्ता?

रसिकाचे काम कलाकृती पूर्ण झाल्यावर सुरू होते. वर्गणी भरणाऱ्या चाहत्याचे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. जे अजून अस्तित्वात नाही, त्यावर तो विश्वास ठेवतो. आवाहन चार जणांना पाठवतो, मित्रांना गळ घालतो आणि उद्दिष्टाचा आकडा किती पुढे सरकला हे रोज पाहतो. तिकीट काढणाऱ्याला 'मी पाहिला' एवढेच म्हणता येते. या चाहत्याला 'आम्ही केला' असे म्हणावेसे वाटते. त्याच्या ओढीचे सारे बळ या प्रथमपुरुषी अनेकवचनात आहे.

मात्र येथेच सावध राहण्याची गरज आहे. पाणिनीने 'कर्ता' या कारकाची ओळख 'स्वतंत्र' याच शब्दाने करून दिली आहे. क्रिया ज्याच्या अधीन असते, तो कर्ता. चित्रपट घडवण्याच्या क्रियेचा कर्ता दिग्दर्शक आणि त्याचे सहकारी हेच असतात. चाहता हा 'भरणे' या क्रियेचा कर्ता असतो, 'घडवणे' या क्रियेचा नव्हे. पाचशे रुपये भरणाऱ्याने शेवट बदलण्याचा आग्रह धरला, तर एका भांडवलदाराच्या जागी पाचशे भांडवलदार येतील आणि 'स्वतंत्र' हे विशेषण पोकळ ठरेल. लोकवर्गणी दिग्दर्शकाला मुक्त ठेवते, कारण कोणा एकाचा वाटा त्याला वाकवण्याइतका मोठा नसतो. उलट वर्गणीदार एकाच संस्थेचे सभासद असतील आणि चित्रपटही त्याच संस्थेच्या कार्यावर असेल, तर स्वातंत्र्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. 'मंथन'चा अभ्यास करताना हा मुद्दा टाळू नये.

५. एक कल्पित उदाहरण

समजा, तुम्ही माळशिरस तालुक्यातील नातेपुते येथे राहता. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी येथे मुक्कामाला येते, तेव्हा वारकऱ्यांच्या सेवेसाठी शिधा, श्रम आणि पैसा देण्याची रीत तुम्हांला ठाऊक आहे. यात्रेची पट्टी काय आणि गणपतीची वर्गणी काय, यांतला फरकही तुम्हांला सांगावा लागत नाही. आता एक तरुण दिग्दर्शिका मोबाइलवरून आवाहन करते: मेंढपाळ कुटुंबांच्या भटकंतीवर तिला चित्रपट करायचा आहे आणि प्रत्येकाने पाचशे रुपये द्यावेत. विषय तुमच्या परिसराचा, बोली तुमच्या कानांतली. तुमचे मन ओढ घेते. पाचशे रुपये ही काहींच्या एका दिवसाची मजुरी असते, म्हणून रक्कम पाठवण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत:

(अ) आवाहनात कोणते क्रियापद आहे: देणे, भरणे, गुंतवणे की मागवणे?
(आ) पैसे कोणाच्या खात्यात जमा होणार आणि पावती कोण देणार?
(इ) उद्दिष्टाइतकी रक्कम जमली नाही, तर पैसे परत मिळणार का?
(ई) खर्चाचा हिशेब वर्गणीदारांसमोर केव्हा मांडला जाणार?
(उ) तयार चित्रपट नातेपुते परिसरात पाहायला मिळणार, की केवळ दूरच्या महोत्सवांत?

यात्रेच्या वर्गणीचा हिशेब चावडीवर मांडला जावा, अशी आपली अपेक्षा असते. तीच अपेक्षा चित्रपटाबाबत ठेवणे हा अविश्वास नव्हे. हिशेब मागणारा वर्गणीदारच पुढच्या चित्रपटालाही वर्गणी भरतो. ज्याला फसवले गेल्यासारखे वाटते, तो पुढच्या प्रामाणिक दिग्दर्शकालाही दारातून परत पाठवतो. म्हणून क्रियापदाची स्पष्टता ही चाहत्याइतकीच चित्रपटाचीही गरज आहे.

६. सारांश

राजाश्रयात देणारा एक असतो आणि त्याची इच्छा जड असते. लोकवर्गणीत देणारे अनेक असतात आणि प्रत्येकाचा भार हलका असतो. चाहत्याची ओढ या व्यवस्थेला बळ देते. आपण कोणत्या क्रियेचे कर्ते आहोत याची जाण तिला टिकवते.

स्वाध्याय

१. 'देणगी देणे' आणि 'वर्गणी भरणे' यांतील अर्थभेद 'श्वास' व 'मंथन' यांच्या आधारे स्पष्ट करा.
२. तुमच्या गावातील 'पट्टी', 'वर्गणी', 'शिधा', 'भिशी' या शब्दांचे प्रत्यक्ष वापर ऐका. प्रत्येक व्यवहारात मालकीचे काय होते, ते चार ओळींत लिहा.
३. लोकवर्गणीतून तयार झालेला चित्रपट नेहमीच 'स्वतंत्र' असतो का? तुमचे मत सकारण मांडा.