मुखवट्याआडचे दातृत्व

आपल्या साहित्यशास्त्रकारांनी वीररसाचे भेद सांगताना केवळ रणांगणावरील योद्ध्याचाच विचार केला नाही, ही गोष्ट आज मुद्दाम आठवावीशी वाटते. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त युद्धवीराच्या पंक्तीला दानवीर, धर्मवीर आणि दयावीर यांनाही बसविले, आणि दयावीराचे उदाहरण म्हणून जीमूतवाहनाचे नाव घेतले, गरुडाच्या भक्ष्यस्थानी पडू घातलेल्या शंखचूड नागाच्या जागी स्वतःचे शरीर वध्यशिलेवर ठेवणारा, हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकाचा तो नायक. ज्याने शस्त्र उचलले नाही आणि कोणाला जिंकलेही नाही अशा पुरुषाला वीर म्हणण्याइतकी त्या शास्त्राची दृष्टी विशाल होती. गेल्या साठ-सत्तर वर्षांत जपानमध्ये अतिमानवी सामर्थ्याच्या नायकांच्या ज्या असंख्य चित्रकथा आणि चलच्चित्रमालिका निर्माण झाल्या, आणि ज्यांना आज आपल्या घरांतली मुलेही ‘ॲनिमे’ या नावाने ओळखतात, त्यांच्याकडे वडीलधारी मंडळी बहुधा मारामारीचा खेळ म्हणूनच पाहतात. परंतु त्यांतील निदान दोन कथा निःसंशय दयावीराच्या आहेत, आणि त्यांपैकी एकीने तर खऱ्याखुऱ्या माणसांच्या हातून, कोणाच्याही आज्ञेवाचून आणि आवाहनावाचून, देशभर दान घडविले.

पहिल्या कथेचे जनक ताकाशी यानासे हे १९१९ साली जन्मले. वडील चीनमध्ये वारले, आईने पुनर्विवाह केला, आणि ताकाशी व त्यांचा धाकटा भाऊ शिकोकू बेटावरील कोची प्रांतात, व्यवसायाने डॉक्टर असलेल्या चुलत्याच्या आश्रयाने वाढले. १९४१ मध्ये लष्करात भरती होऊन पुढे त्यांची चीनमध्ये रवानगी झाली, आणि युद्धाच्या अखेरच्या काळात पुरेशा अन्नावाचून दिवस कंठताना, गोळीपेक्षाही भूक माणसाला अधिक दीन करते हा अनुभव त्यांनी घेतला. धाकटा भाऊ नौदलात कामी आला. ज्या युद्धाचा न्याय्य म्हणून सरकारी फर्मानांनी वर्षानुवर्षे जयघोष केला होता, ते १९४५ च्या ऑगस्टमध्ये जणू एका दिवसात अन्याय्य ठरले, तेव्हा या तरुणाने त्यातून जो निष्कर्ष काढला तो त्यांच्या पुढील सर्व लेखनाचा पाया झाला: राजवट बदलली की न्यायाची व्याख्या बदलते, पण भुकेल्याला अन्न देणे हे कृत्य सरहद्दीच्या कोणत्याही बाजूस न्याय्यच राहते.

या निष्कर्षाला त्यांनी जे रूप दिले ते विलक्षण आहे. ‘आन्पान’ हा जपानमधील अत्यंत परिचित पदार्थ; टोकियोच्या गिन्झा भागातील किमुराया या पेढीने १८७० च्या दशकात तो प्रचारात आणला. गोल मऊ पाव, आणि त्याच्या पोटात आपल्या पुरणासारखे, आझुकी नावाच्या तांबड्या कडधान्याचे गोड सारण. १९६९ मध्ये यानासे यांनी लिहिलेल्या कथेत ‘आन्पानमान’ हा एक स्थूल, मध्यमवयीन, दिसायला सामान्य गृहस्थ होता, जो उडत जाऊन भुकेल्या मुलांना असे पाव वाटी आणि अखेर सरहद्दीवर तोफांच्या माऱ्यात सापडे. १९७३ मध्ये फ्रोबेल-कान या प्रकाशनसंस्थेच्या बालपुस्तकात त्याचे स्वरूप पालटले. आता त्याचे मस्तकच पावाचे झाले, आणि वाळवंटात अन्नावाचून पडलेल्या प्रवाशाला तो म्हणू लागला की माझा चेहराच खा. पुढे एका हरवलेल्या मुलाला उरलेला चेहराही देऊन तो मस्तकावाचूनच पाव भाजणाऱ्या वृद्धाच्या घरी परततो, आणि तेथे भट्टीतून निघालेला नवा चेहरा त्याच्या धडावर बसविला जातो.

प्रौढांना हे रुचले नाही. चेहरा खाऊ घालणे क्रूर आहे, असे शिक्षक आणि समीक्षक म्हणाले, आणि खुद्द प्रकाशकांकडूनही असले पुस्तक पुन्हा नको अशी सूचना आली. निर्णय अखेर बालवाड्यांतल्या, अद्याप अक्षरओळखही नसलेल्या मुलांनी दिला. त्यांच्या हाताळण्याने त्या पुस्तकाच्या प्रती फाटून जाऊ लागल्या. दूरचित्रवाणीवर ही मालिका सुरू झाली ती ३ ऑक्टोबर १९८८ रोजी, जेव्हा यानासे एकोणसत्तर वर्षांचे होते. २००९ मध्ये गिनेस विक्रमांच्या पुस्तकाने तिच्यातील १,७६८ पात्रांची नोंद घेतली. मला या नायकाच्या ठायी सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्याचा दुबळेपणा. चेहरा भिजला, मळला किंवा कोणी खाल्ला की त्याची शक्ती ओसरते. म्हणजे प्रत्येक दान त्याला प्रत्यक्ष उणे करते, आणि हे ठाऊक असूनही तो ते देतो. जीमूतवाहनाचे नाव यानासे यांनी कधी ऐकले होते की नाही, याने काहीच बिघडत नाही; दोघांचा धर्म एक आहे.

दुसरी कथा मल्लाची आहे. काजिवारा इक्की यांनी लिहिलेली आणि त्सुजी नाओकी यांनी चितारलेली ‘टायगर मास्क’ ही चित्रकथा १९६८ ते १९७१ या काळात प्रसिद्ध झाली, आणि १९६९ पासून तोएई संस्थेने तिची चलच्चित्रमालिका काढली. याच काजिवारांच्या बेसबॉलवरील एका गाजलेल्या कथेला २०१२ मध्ये मुंबईच्या पार्श्वभूमीवर क्रिकेटचा साज चढवून ‘सूरज’ नावाची मालिका आपल्याकडे दाखविण्यात आली होती, हे काही वाचकांना स्मरत असेल. ‘टायगर मास्क’चा नायक दाते नाओतो हा ‘चिबिक्को हाऊस’ नामक अनाथगृहात वाढलेला मुलगा. ‘वाघाची गुहा’ या दुष्ट संघटनेच्या आखाड्यात तो तयार होतो, आणि त्या तालमीच्या मोबदल्यात कमाईचा निम्मा हिस्सा खंडणी म्हणून त्या संघटनेला द्यावा असा करार त्याच्या माथी असतो. वाघाचा मुखवटा घालून तो प्रथम अत्यंत क्रूरपणे लढतो. परंतु अनाथगृह कर्जात बुडाल्याचे कळताच तो खंडणीची रक्कम तिकडे वळवितो, संघटना त्याच्यावर मारेकरी मल्ल सोडते, आणि तेथीलच एका पोराला आपल्या क्रौर्याचेच अनुकरण करावेसे वाटते हे पाहून तो नियमाने लढण्याचा निश्चय करतो.

या कथेतील एक योजना मात्र मला तिच्या सर्व कुस्त्यांहून मोलाची वाटते. नाओतो अनाथगृहात येतो तो मुखवटा घालून नव्हे, तर नीटनेटक्या पोशाखातला, भेटवस्तूंनी लादलेला, किंचित पोकळ आणि श्रीमंत दिसणारा तरुण म्हणून. मुले त्याच्या छानछोकीची थट्टा करतात आणि त्याच तोंडाने टायगर मास्कचे गुणगान गातात. तो हे हसत ऐकून घेतो. मूळ चित्रकथेच्या अखेरीस तर, रस्त्यावर एका मुलाला वाहनाखालून वाचविताना प्राणांतिक जखमी झालेला हा महामल्ल आपल्या उरल्यासुरल्या शक्तीने खिशातला मुखवटा नदीत फेकून देतो, म्हणजे आपण कोण होतो हे कोणालाही कळू नये. तेथे त्याच्यापुढे कोणी प्रतिस्पर्धी नव्हता आणि भोवती प्रेक्षकही नव्हते.

२५ डिसेंबर २०१० रोजी गुन्मा प्रांतातील माएबाशी शहरी, संकटग्रस्त मुलांची व्यवस्था पाहणाऱ्या सरकारी कचेरीच्या दाराशी दहा नवी दप्तरे ठेवलेली आढळली, आणि सोबतच्या चिठ्ठीवर नाव होते दाते नाओतो. जपानी मुलाचे दप्तर, ज्याला तेथे रान्दोसेरु म्हणतात, ते आपल्या खांद्यावरच्या पिशवीहून निराळे असते: टणक चामड्याची पेटीच ती, वरचे झाकण पाठीवरून पार तळापर्यंत येऊन धातूच्या कडीत अडकणारे, पहिलीत घेतले की सहावीपर्यंत टिकावे म्हणून दुहेरी शिवणीने बांधलेले. त्याची किंमत काही दशसहस्र येनांच्या घरात जाते, आणि एप्रिलमध्ये शाळा सुरू होताना ते पाठीवर नसलेले मूल पहिल्याच दिवशी सर्वांच्या नजरेत भरते. देणाऱ्याने हेच नेमके ओळखले होते. नववर्षाच्या दिवशी ओदावाराच्या तशाच कचेरीला सहा दप्तरे मिळाली, मग इतर शहरांतून, कोठे खेळणी, कोठे तांदूळ, कोठे रोकड, आणि जानेवारी सरण्यापूर्वी हे लोण सर्व ४७ प्रांतांत पोहोचून अशा देणग्यांची संख्या हजारावर गेली. बहुतेक चिठ्ठ्यांवर दाते नाओतोचेच नाव होते. काहींनी काजिवारांच्याच दुसऱ्या कथेतील मुष्टियोद्धा याबुकी जो याच्या नावाने सही केली.

ज्यांनी ही दाने दिली त्यांतील बहुतेकांची ओळख कधीच पटली नाही. माएबाशीचा मूळ दाता मात्र २०१६ च्या डिसेंबरात टोकियोच्या कोराकुएन हॉलमधील कुस्तीच्या रिंगणात स्वतः होऊन पुढे आला. तो एक साधा नोकरदार होता, आणि मुलांसाठी काम करणाऱ्यांना बळ मिळावे या हेतूने त्याने मौन सोडले. त्याने सहा वर्षे ते पाळले होते, हे मला त्याच्या प्रकट होण्याइतकेच आदरणीय वाटते.

या लाटेला उणीव नव्हती असे मात्र म्हणता येत नाही. त्या काळी जपानमध्ये बालसंगोपन संस्थांतून सुमारे ३०,००० मुले राहत होती, आणि त्यांतील बहुसंख्य अनाथ नव्हती. छळ किंवा हेळसांड यांमुळे जिवंत आईबापांपासून दूर आलेली होती. दप्तर सहा वर्षांच्या मुलाला लागते. अठराव्या वर्षी संस्थेचे छत्र सोडून, जामीन राहणारा एकही नातलग नसताना भाड्याची खोली आणि नोकरी शोधणाऱ्या तरुणाला त्याचा काय उपयोग? माएबाशी नगरपालिकेने पुढे अशाच तरुणांसाठी देणग्यांतून निधी उभारण्याचा उपक्रम हाती घेतला, तो या दृष्टीने अधिक शहाणपणाचा होता, आणि त्यालाही नाव टायगर मास्कचेच देण्यात आले.

तरीही त्या निनावी दप्तरांमागे जे सौजन्य होते ते मला अमोल वाटते. दान घेणाऱ्याला नेहमी दुहेरी ओझे वाहावे लागते, वस्तूचे आणि उपकाराचे, आणि मुलाच्या खांद्याला दुसरे फार जड जाते. देणारा कथेतल्या नायकाच्या आड गेला की हे दुसरे ओझे नाहीसे होते. मुलाला आभार मानायचेच असतील तर ते एका वाघाचे मानावे, ज्याच्यापुढे मान खाली घालण्याचे कारण नाही.

घेणाऱ्याच्या मानाची हीच काळजी टोकियोच्या ओता भागातील एका भाजीच्या दुकानातही दिसते, जरी तेथे कोणताही मुखवटा नव्हता. शाळेतले जेवण सोडले तर केवळ एका केळ्यावर दिवस काढणाऱ्या मुलाविषयी त्या दुकानाच्या चालिकेने जवळच्या शाळेतून ऐकले, आणि २०१२ मध्ये तिने दुकानातच ‘मुलांची खाणावळ’ सुरू केली. यानासे तेव्हा हयात होते. पुढच्याच वर्षी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, ते वारले. अशा खाणावळींची संख्या २०२४ च्या पाहणीत दहा हजारांवर गेली होती. त्यांतील पुष्कळ महिन्यातून एकदोनदाच उघडतात आणि शेजारीपाजारी मिळून चालवितात. मुलांना जेवण फुकट किंवा नाममात्र पैशांत मिळते. गरीब मूल निराळे ओळखू येऊ नये म्हणून बहुतेक ठिकाणी दार सर्वांनाच खुले असते, आणि जेवायला बसणाऱ्याकडे कोणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही.