वेदी : अर्पणाची जागा, पंगतीची जागा

जळगावहून भुसावळकडे निघालं की वाटेत नशिराबाद लागतं. रस्त्याच्या दोन्ही टोकांच्या शहरांत ख्रिस्ती उपासना जुनी आहे. भुसावळला रेल्वेच्या नोकरीमुळे अँग्लो-इंडियन आणि गोव्याकडची कुटुंबं आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे मिशनरी पूर्व खानदेशात उतरले. नवापूरकडच्या आदिवासी पट्ट्यात पुढे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन पोचलं. इथले कॅथलिक आज नाशिक धर्मप्रांतात मोडतात. १९८७ साली तो पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला.

त्यामुळे खानदेशात उपासनेच्या दोन तऱ्हा शेजारी शेजारी नांदतात. कॅथलिक चर्चमध्ये पाऊल टाकलं की नजर आधी वेदीवर जाते. अलायन्ससारख्या प्रोटेस्टंट परंपरेत मान उपदेशाच्या व्यासपीठाला असतो आणि तिथे वेदीऐवजी प्रभुभोजनाचं साधं मेज असतं. हा फरक सजावटीचा नाही, श्रद्धेचा आहे. तो कळण्यासाठी थोडं मागे जायला हवं.

बायबलमध्ये जलप्रलय ओसरल्यावर नोहा पहिलं काम करतो ते वेदी बांधण्याचं. मोशेच्या नियमशास्त्रात तर स्पष्ट ताकीद आहे : दगडाची वेदी बांधाल तर दगड घडवू नका, हत्यार लागलं की तो विटाळला. पुढे यरुशलेमच्या मंदिरात वेदीवर पशुबळी दिले जात. इ. स. ७० मध्ये रोमनांनी ते मंदिर उद्ध्वस्त केलं. येशूने क्रूसावर स्वतःचं अर्पण एकदाच आणि सर्वांसाठी केलं, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. म्हणून या धर्मात पशुबळीला जागा उरली नाही. उरलं ते त्याच्या शेवटच्या रात्रीचं जेवण, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस.

पहिल्या पिढ्यांतले ख्रिस्ती घरांमध्ये जमून हे भोजन करत. पुढे श्रद्धेपायी जीव दिलेल्या हुतात्म्यांच्या कबरींवर चर्च उभी राहू लागली. वेदीखाली संतांचे अवशेष ठेवण्याची प्रथा तिथून रुजली. ५१७ साली गॉलमधल्या एपाओन इथल्या धर्मसभेने ठरवलं की पवित्र तेलाचा अभिषेक फक्त दगडी वेदीलाच करावा.

हा अभिषेक पाहण्यासारखा असतो. बिशप वेदीच्या मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांवर सुगंधी तेल ओततात आणि ते पृष्ठभागावर पसरवतात. मग वेदीवर धूप जाळतात. त्यानंतर तेल पुसून पांढरं वस्त्र अंथरतात आणि मेणबत्त्या पेटवतात. एवढं झाल्यावर तो दगड ख्रिस्ताचं प्रतीक ठरतो, म्हणून मिस्साच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या कॅथलिक उपासनेच्या, आरंभी फादर वाकून वेदीचं चुंबन घेतात. पवित्र गुरुवारच्या मिस्सानंतर हीच वेदी उघडी केली जाते, तिच्यावरचं वस्त्रही काढून ठेवतात. दुसऱ्या दिवशी येशूच्या मरणाचं स्मरण असतं.

सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांनी मात्र हरकत घेतली. अर्पण एकदाच झालं, मग वेदी कशाला? १५५० मध्ये लंडनचे बिशप रिडली यांनी आपल्या प्रांतातल्या चर्चमधून वेद्या काढून मेजं ठेवायला लावली. कॅथलिकांचं उत्तर असं की मिस्सामध्ये ते अर्पण पुन्हा घडत नाही. तेच एकमेव अर्पण आपल्यासमोर येतं. खानदेशातलं मेज आणि वेदी यांच्यामागे हा चारशेहून अधिक वर्षांचा वाद उभा आहे.

कॅथलिक वेदीही बदलली. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकाचा अभिषेक १६०५ चा. तिथली सोन्याने मढवलेली वेदी मागच्या भिंतीवर उंच चढत गेली आहे. त्या काळी फादर लोकांकडे पाठ करून लॅटिनमध्ये मिस्सा म्हणत. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वेदी भिंतीपासून सुटून पुढे आली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले आणि मिस्सा मराठीतून होऊ लागला. अर्पणाच्या जागेतली पंगत पुन्हा दिसू लागली.

माझ्या मते वेदीचा सगळ्यात खोल अर्थ मत्तयच्या शुभवर्तमानात येशूच्या डोंगरावरील प्रवचनात आहे. वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही सल आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग परत ये, असं तो सांगतो. शेताच्या बांधावरून सख्ख्या भावांचा वर्षानुवर्षं अबोला चालतो, अशा आपल्या मुलखाला ही अट नेमकी लागू पडते. वेदी दगडाची की मेज लाकडाचं, यावर चर्चमध्ये मतभेद राहतील. या अटीतून मात्र कोणाचीच सुटका नाही. भावाशी बोलणं टाकून वाहिलेलं दान देवाच्या दारी अपुरं राहतं, हे सांगणारी वेदी ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही आपली वाटावी.