कागद बांधण्याआधी

कॉलेजचा प्रोजेक्ट, संस्थेचा वार्षिक अहवाल, बँकेला द्यायचा कर्जाचा प्रस्ताव, वकिलाकडे न्यायची कागदपत्रं आणि माझ्यासारख्याच्या कवितांची प्रकाशकाला पाठवायची प्रत. या सगळ्यांचा शेवटचा थांबा एकच असतो, झेरॉक्सचं दुकान. गठ्ठा काउंटरवर ठेवला की आतला मुलगा मान वर न करता विचारतो, "स्पायरल मारू?" आपणही घाईत "मार" म्हणतो. कागदात काय लिहिलं आहे यावर आपण महिनोन् महिने डोकं घालवलेलं असतं. ते कागद बांधायचे कसे, यावर मात्र अर्धं मिनिटही नाही.

खरं तर कागद कसा बांधायचा हे तो कसा वाचला जाणार यावर ठरतं, आणि ही गोष्ट आपल्या जुन्या माणसांना पक्की ठाऊक होती. पोथीची पानं सुटी असतात. पारायणाला बसलेला माणूस वाचून झालेलं पान उचलून पलीकडे ठेवतो. वाचन संपलं की दोन फळ्या आणि वर बासन. पेशवे दप्तरातले मोडी कागद कापडाच्या रुमालांत बांधलेले आहेत. लागेल तो रुमाल सोडायचा, कागद पाहायचा, परत बांधायचा. आमच्या घरात पुस्तकाच्या बांधणीला जिल्द म्हणतात आणि ती करणाऱ्याला जिल्दसाज. त्याच्या कामातला एक शब्द आहे जुजबंदी. जुज म्हणजे भाग. घडी घातलेल्या कागदांचे छोटे छोटे भाग दोऱ्याने शिवून ते एकमेकांना जोडायचे, म्हणजे पुस्तक उघडतं छान आणि पान सुटत नाही. कुरआनाच्या 30 भागांनाही जुजच म्हणतात. हे 30 भाग वेगवेगळे बांधलेलेही मिळतात, कारण एका बैठकीत अनेकांनी मिळून वाचायचं असेल तर प्रत्येकाच्या हातात एकेक देता येतो. मजकूर तोच, वाचणारे जास्त, म्हणून बांधणी वेगळी.

मी बी. ए. झालो त्या काळात कचेरीतली बांधणी म्हणजे दोन भोकं आणि टोकाला धातूची दांडी असलेला टॅग. टंकलेखकाने कार्बन घालून काढलेल्या प्रती, वर पुठ्ठा आणि हा टॅग. आजही सरकारी फाइलीत तो टिकून आहे आणि त्याला नावं ठेवायचं मला कारण दिसत नाही. फायलीत रोज नवा कागद यायचा असतो. तिथे टॅगच हवा.

आता यंत्रांकडे येऊ. दुकानात किंवा कचेरीत असतात त्या बहुतेक बाइंडिंग मशीनचं काम दोन टप्प्यांत चालतं. आधी कागदाच्या कडेला ओळीने भोकं पाडायची आणि मग त्या भोकांतून काहीतरी ओवायचं. काय ओवलं यावरून नाव पडतं.

स्पायरल म्हणजे प्लास्टिकची लांब मळसूत्री तार. भोकं गोल आणि जवळजवळ असतात. तार एका टोकाकडून फिरवत फिरवत शेवटपर्यंत न्यायची, उरलेला भाग पक्कडीने कापायचा आणि दोन्ही टोकं आत वाकवायची. हे वाकवणं फार महत्त्वाचं आहे. ते राहिलं तर पिशवीतून काढताना-ठेवताना तार हळूहळू बाहेर सरकत जाते आणि एक दिवस वही हातात राहते, कव्हर पिशवीत. स्पायरलचा मोठा गुण म्हणजे वही पूर्ण उलटी दुमडता येते आणि तार दबली तरी पुन्हा आकारावर येते. रोज हाताळायच्या, मुलांच्या दप्तरात कोंबल्या जाणाऱ्या नोट्ससाठी यासारखं दुसरं काही नाही.

दुसरा प्रकार कोंब बाइंडिंग. कोंब म्हटलं की आपल्याला मोड आलेली मटकी आठवते, पण इथे अर्थ आहे कंगवा. प्लास्टिकच्या पट्टीला कंगव्यासारखे दाते असतात आणि ते गोल वळलेले असतात. भोकं लांबट चौकोनी पडतात. ए-फोर कागदाला 21 भोकं, पट्टीला 21 दाते. मशीनचा दांडा ओढला की दाते उघडतात, कागद त्यात अडकवायचे, दांडा सोडला की दाते मिटतात. पुन्हा उघडायचे असतील तर तीच क्रिया. म्हणजे अहवालाचं सातवं पान चुकलं, तर तेवढं काढून नवं घालता येतं, बाकी सगळं जागच्या जागी. सभेच्या आदल्या रात्री आकडे बदलणाऱ्या संस्थांसाठी हे वरदान आहे, आणि आपल्याकडे बहुतेक संस्था त्याच जातीच्या. उणीव अशी की वही मागे पूर्ण दुमडत नाही, आणि प्लास्टिक जुनं झालं की दाते तडकतात.

तिसरा वायरो. टेबलावरच्या कॅलेंडरला असते ती दुहेरी धातूची तार. ती उघड्या जबड्यासारखी मिळते. कागद त्यात ओवून मशीनमध्ये दाबली की जबडा मिटतो. पातळ वहीसाठी इंचाला तीन भोकं, जाड वहीसाठी इंचाला दोन. ए-फोरच्या लांबीत पहिल्या मापाची 34 भोकं बसतात, दुसऱ्याची 23. ही दोन मापं एकमेकांना चालत नाहीत, म्हणून जाडी आधी मोजायची आणि भोकं नंतर पाडायची. वायरो दिसायला सगळ्यांत देखणी. पण ती कशाखाली दाबली गेली, तर वाकलेली वाकलेलीच राहते. एक छोटी युक्ती सांगतो. तार मिटण्याआधी मागचं कव्हर तात्पुरतं पुढच्या कव्हरावर आणून ठेवायचं. तार मिटली की ते फिरवून मागे न्यायचं. तारेचा सांधा शेवटचं पान आणि कव्हर यांच्यामध्ये लपतो, पानं त्यात अडकत नाहीत. हे करणारा दुकानदार दिसला की खुशाल समजा, काम जाणणारा आहे.

चौथ्या प्रकारात भोकंच नाहीत. कव्हराच्या पाठीत आतून डिंकाची पट्टी असते. कागद आत उभे ठेवून यंत्रात तापवले की डिंक वितळतो आणि कडा चिकटतात. बाहेर काढल्यावर ते पूर्ण थंड होईपर्यंत उघडायचं नाही, एवढं पथ्य पाळलं तर बांधणी नीट टिकते. गुळगुळीत चकचकीत कागदाला मात्र हा डिंक धड धरत नाही.

जाडीचा हिशेब सोपा आहे. 500 कागदांची रीम साधारण पाच सेंटिमीटर जाड असते. म्हणजे 100 कागद, एक सेंटिमीटर. पाठपोट छापलेली 200 पृष्ठं म्हणजे 100 कागदच, हे दुकानात सांगताना बरेच जण घोटाळा करतात. तार किंवा पट्टी या जाडीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठी घ्यावी. घट्ट घेतली तर पानं उलटताना भोकांपाशी फाटतात, फार सैल घेतली तर गठ्ठा आत लोळत राहतो.

खरी काळजी त्याच्याही आधी, छापताना घ्यायची. डाव्या बाजूला दीड इंच कोरी जागा सोडा. पाठपोट छापणार असाल तर मागच्या पानावर ही जागा उजवीकडे जायला हवी, नाहीतर एक पान मोकळं आणि दुसऱ्याची अक्षरं तारेत. आडवा तक्ता असेल तर त्याचं डोकं बांधणीकडे यावं, म्हणजे वाचणाऱ्याला वही एकाच दिशेने फिरवावी लागते. भोकं पाडताना एका वेळी थोडेच कागद घ्यावेत. मशीनवर जेवढी मर्यादा लिहिलेली असते, त्याहून दोन-चार कमीच बरे. प्रत्येक वेळी गठ्ठी टेबलावर ठोकून दोन्ही कडा जुळवायच्या. प्लास्टिकचं कव्हर सरकतं, म्हणून ते एखाद-दुसऱ्या कागदाबरोबर घालायचं. पावसाळ्यात कागद ओल धरतो, भोकांच्या कडा दोऱ्यासारख्या पिंजल्या जातात. रीम वापरेपर्यंत वेष्टनातच राहू द्यावी. आणि मशीनखालचा टिकल्यांचा ट्रे रिकामा करायचा. मशीन अडकलं, दांडा खाली जात नाही, अशी तक्रार कचेरीत आली, की आधी तो ट्रे बघायचा. निम्म्या वेळा दुरुस्ती तिथेच संपते.

आता जे सांगणार आहे, त्याच्यासाठीच खरं म्हणजे हा विषय मी घेतला.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांच्या आईला जात्यावरच्या शेकडो ओव्या पाठ होत्या. गुरुजींनी आईच्या अखेरच्या वर्षांत तिच्याजवळ बसून त्या फुलस्केप कागदांवर उतरवून घेतल्या. जुनी सवय, कागद वाया घालवायचा नाही, म्हणून अगदी कडेपासून कडेपर्यंत लिहिलेल्या, पाठपोट. आई गेल्यावर कागद विस्कटू नयेत म्हणून ते एका दुकानात घेऊन गेले. दुकानातल्या मुलाने नेहमीचं काम नेहमीसारखं केलं. कडेच्या सगळ्या भोकांनी प्रत्येक पानावरचा मजकूर खाल्ला. एका बाजूला ओळीचं पहिलं अक्षर गेलं, मागच्या बाजूला शेवटचं. गुरुजी परत दुकानात गेले, तेव्हा ट्रेमधल्या टिकल्या कचऱ्यात गेल्या होत्या.

पुढे त्यांची थोरली बहीण आठवडाभर येऊन राहिली. तिने म्हणायचं आणि गुरुजींनी भोकाशेजारी बारीक अक्षरांत भरायचं, असं चाललं. बऱ्याच ओव्या भरल्या गेल्या. ज्या आईने फक्त मुलाला सांगितल्या होत्या, त्यांतल्या काही अडल्या त्या अडल्याच. ओवीतला अर्धा शब्द कुणी अंदाजाने भरला तर तो आईचा राहत नाही, असं गुरुजींचं म्हणणं. त्यांनी त्या जागा रिकाम्याच ठेवल्या आहेत. कवी म्हणून मला त्यांचं म्हणणं पटतं.

तेव्हा हाताने लिहिलेला किंवा एकुलता एक असलेला कागद कधीही मशीनखाली द्यायचा नाही. आजोबांचं पत्र असो, जुनं खरेदीखत असो की शाळा सोडल्याचा दाखला. त्याची झेरॉक्स काढायची, काढताना थोडी लहान करून डावीकडे जागा सोडायची, आणि बांधायची ती झेरॉक्स. मूळ कागद फाइलीतल्या प्लास्टिकच्या पारदर्शक कप्प्यात सुटा ठेवायचा. भोकं फाइलीच्या कप्प्याला असतात, कागदाला लागत नाहीत. आणि 'काका, लॅमिनेशन करून देऊ का, कायमचं राहील' असं कुणी म्हणालं, तर नको म्हणा. तापवून चिकटवलेलं ते प्लास्टिक कागदाला इजा न करता काढता येत नाही. कायमचं राहतं ते प्लास्टिक.

बांधलेल्या कागदाचा दुसरा धोका याच्या उलट आहे. कोंबमधून पान काढता येतं, हा गुण मी मघाशी सांगितला. पण जे आपल्याला काढता येतं ते दुसऱ्यालाही काढता येतं. स्पायरलचं टोक सरळ केलं की तार फिरवून बाहेर काढता येते, मधलं पान बदलून परत घालता येते, आणि वहीवर खूण उरत नाही. कित्येक टेंडर नोटिसांत स्पायरल चालणार नाही, हार्ड बाउंड प्रत हवी, पानांना क्रमांक आणि प्रत्येक पानावर सही हवी असं लिहिलेलं असतं, ते याचसाठी. आपल्याला वाटतं, उगाच अडवणूक. पण भाऊबंदकीतला वाटणीचा मसुदा किंवा संस्थेच्या हिशेबाची प्रत कुणाच्या हाती सोपवायची असेल, तर एवढी शिस्त आपणही पाळावी. क्रमांक टाकताना 'पान 7' एवढंच न लिहिता '40 पैकी 7' असं लिहावं. पीडीएफच्या दिवसांतही सहीचा कागद अजून कागदच असतो.

राहता राहिला माझ्या घरचा प्रश्न. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून उर्दू कागदाची पाठ उजवीकडे येते. दुकानातल्या पोराला ते कुठून माहीत असणार? तो सवयीने डावीकडे भोकं पाडतो आणि गझलांची वही शेवटच्या पानापासून सुरू होते. म्हणून मी उर्दूची प्रत देताना पहिल्या पानाच्या उजव्या कडेला पेन्सिलने उभी रेघ ओढतो आणि 'भोकं इथे' असं मराठीत लिहून देतो. एका मित्राच्या मराठी आणि उर्दू कवितांची प्रत एकत्र बांधायची होती. आम्ही एका बाजूने मराठी लावली, दुसऱ्या बाजूने उर्दू, आणि तार एकच, वायरोची. मराठी वाचणारा डावीकडची पाठ धरून आत शिरतो. वही पालथी केली की तीच पाठ उजवीकडे येते आणि उर्दू वाचणारा आपल्या दाराने आत येतो. मध्ये एक कोरं पान ठेवलं आहे. दुकानातल्या मुलाने दोनदा विचारलं, "काका, नक्की असंच ना?"