नीलवंत कसे शोधावे?

उर्दूत ती तितली; मराठीत मात्र ते फुलपाखरू! अशाच एका फुलपाखराला महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे महाराष्ट्र हे भारतातील पहिले राज्य. या फुलपाखराचे नाव नीलवंत. त्याला राणी पाकोळी असेही म्हणतात.

नीलवंत ओळखणे अवघड नाही. ते आकाराने मोठे असते. त्याने पंख पसरले, की त्यांची रुंदी १२ ते १५ सेंटिमीटर भरते. म्हणजे जवळजवळ तुमच्या कंपासपेटीतील पट्टीएवढी! पंख मखमलीसारखे काळे असतात. मागच्या पंखांवर निळा भाग आणि त्यात काळे ठिपके दिसतात. पंखांच्या खालच्या बाजूला, अंगाजवळ, लाल ठिपके असतात. मागच्या पंखांना शेपटी नसते.

सह्याद्रीच्या दाट जंगलांत नीलवंत राहते. मुंबई-पुण्याच्या बागांतही ते येते. पावसाळ्यात व त्यानंतर ते अधिक दिसते. मात्र त्याच्यामागे धावू नका. ते फार वेगाने उडते. त्याचे नर ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर क्षार शोषण्यासाठी बसतात. तेथे हळूच जा आणि लांबूनच पाहा.

याहून सोपी युक्ती सांगू? फुलपाखरू शोधण्याआधी त्याचे झाड शोधा. नीलवंताची मादी लिंबू, पपनस, माकडलिंबू अशा झाडांच्या पानांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. त्यामुळे पक्षी फसतात व तिला खात नाहीत. मोठी झाल्यावर ती हिरवी होते. तिला डिवचले, तर डोक्यामागून लाल, दुहेरी शिंगासारखा अवयव बाहेर काढून ती उग्र वास सोडते.

पक्षी फसतात, पण माणूस फसत नाही. कुंडीतल्या लिंबावर अळी दिसली, की आपण ती कीड समजून चिरडतो किंवा औषध फवारतो. मग फुलपाखरू येणार कोठून? खाल्लेल्या पानांच्या जागी झाडाला पुन्हा नवी पाने फुटतात. मेलेली अळी मात्र परत येत नाही.

लिंबावर इतर फुलपाखरांच्या अळ्याही अशाच दिसतात. म्हणून अळी सापडली, तर तिला हात लावू नका. वहीत तारीख लिहा आणि रोज निरीक्षण करा. अळीचा कोश होईल. एके दिवशी कोश फुटेल. त्यातून काळे-निळे पंख बाहेर आले, तर समजा, नीलवंत तुमच्याच दारी जन्मले!